दोन मोनोग्रामचं इंजिन

पोह्यांचा ट्रे हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पण वाट पाहुण्यांची बघत नव्हते. मी त्यांची गाडी ऐकत होते.

छोटं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरचं. एका अंगाला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. सकाळी गार इंजिन चालू करताना असा आवाज येऊन जातो, त्याचं एवढं काही नसतं. पण ही माणसं जयसिंगपूरहून आली होती, इंजिन चांगलं तापलेलं होतं, आणि तरी खडे वाजतच होते.

आईनं कोपराला चिमटा काढला. "तोंड सरळ कर आणि खाली बघ."

मला अठरा पूर्ण झाली होती आणि घरात बघाबघी सुरू झाली होती. दहावीत गणिताच्या सरांशी भांडून शाळा सोडली, ती सोडलीच. मग शिवणक्लास झाला, पार्लर झालं, कुठंच माझं आणि तिथल्या बाईचं पटलं नाही. शेवटी आनंदामामा म्हणाले, माझ्याकडं पाठवा, निदान भांडायला लोखंड तरी मिळेल. मामांचं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात. तिथं मी टिकले. का टिकले हे कुणाला कळलं नाही. माझ्याशी भांडून लोखंड कधी घरी तक्रार घेऊन गेलं नाही, एवढंच मला कळत होतं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं जाऊ दिलं ते एका अटीवर. कुठल्याही स्थळाचा होकार आला की गॅरेज बंद. त्या दिवशी सकाळी त्यांनी ती अट पुन्हा ऐकवली होती, आणि त्यांच्या आवाजावरनं वाटत होतं, हे स्थळ त्यांना फार हवंय.

पाहुणे तिघं. वसंतराव, त्यांच्या मिसेस इंदुताई, आणि मुलगा ऋतुराज. आमच्यासारखेच लोहार, पण वसंतरावांच्या वडिलांनी भट्टी सोडून दुकान टाकलं होतं, आणि आता जयसिंगपूरला त्यांची स्टीलच्या कपाटांची आणि ग्रिलची मोठी शोरूम होती. ऋतुराज गोरा, गप्प, सारखा मोबाईल उलटा-सुलटा करणारा. त्याच्याबद्दल मला वाईट काही सांगता येत नाही. चांगलंही येत नाही.

वसंतरावांनी माझं शिक्षण विचारलं. आई म्हणाली, दहावीपर्यंत. मी म्हणाले, नापास नाही झाले, सोडली. आईनं बांगड्या वाजवल्या. मग वसंतराव त्यांच्या गाडीवर आले, आणि त्यांना खरं बोलायचं होतं ते तेच. पुण्याहून घेतली, परदेशी. साधंसुधं इंजिन नाही म्हणाले ते. दोन कंपन्यांनी मिळून काढलंय, दोन देशांतल्या. एकमेकांच्या वैरी कंपन्या, पण छोटी इंजिनं काढायला एकत्र बसल्या. एक नाही, लहान-मोठ्या मापाचं अख्खं खानदान काढलं, आणि दोघींनी आपापल्या गाड्यांत घातलं.

"म्हणजे सोयरीकच की," आबा हसून म्हणाले. सगळे हसले.

मला नव्हतं बोलायचं. पण बाहेर तेवढ्यात ऋतुराजनं जाऊन गाडी सावलीत घेतली आणि खडे पुन्हा वाजले.

"इंजिनातली चेन ढिली झालीय तुमची," मी म्हणाले. "आणखी थोडी चालवली तर उडी मारेल."

वसंतराव म्हणाले, थंडीत होतोच तसा आवाज. तेव्हा मार्च संपत आला होता.

निरोप घेऊन ते निघाले. मी खिडकीतच होते. गाडी गल्लीच्या टोकाला वळायला गेली आणि आवाज बदलला. आता खडे नव्हते. आता काहीतरी फाटत होतं. मी साडी वर धरून पळत सुटले आणि बॉनेटवर थाप मारली.

"बंद करा. आत्ताच्या आत्ता बंद करा."

वसंतरावांनी काच खाली केली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बघायला आलेली मुलगी त्यांच्या गाडीला मारत होती. ते काही बोलणार तेवढ्यात मागच्या सीटवरनं इंदुताई म्हणाल्या, "बंद करा की. पोरगी एवढी पळत आली ती उगंच काय?"

दिवसभरात त्या तेवढंच बोलल्या होत्या.

त्यांनी किल्ली फिरवली. आबा मागनं चालत येत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

गाडी दोरीनं ओढून मामांच्या गॅरेजला गेली. आबा रात्री जेवताना एवढंच म्हणाले, गाडी नीट करून द्या. पाहुणे खूश झाले पाहिजेत. ते तुझं तिथलं शेवटचं काम समज.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढचं कव्हर उघडलं. चेन ज्याच्यावरनं सरकते ती प्लास्टिकची पट्टी तुटून तेलात पडली होती, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर मेला होता. मी म्हणाले होते तेच. मामांनी माझ्याकडं बघितलं पण शाबासकी दिली नाही. मामांना शाबासकी देता येत नाही, ते त्याऐवजी चहा मागवतात. चहा आला.

पार्टसाठी त्या कंपनीच्या पुण्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला थांबावं लागेल, किती ते सांगता येत नाही. मामा हात पुसत बसले. मी इंजिनावरचं तेल कापडानं पुसत होते, आणि ब्लॉकच्या कडेला, खाली, जिथं कुणी बघत नाही तिथं, ओतीव अक्षरं दिसली. वसंतरावांच्या गाडीचा मोनोग्राम चौकोनी. तो होता. आणि त्याला चिकटून दुसरा, गोल.

आबा फाउंड्रीत कामाला. त्यामुळं मला लहानपणापासून माहीत आहे, ओतकामावर नाव उगीच कुणी टाकत नाही. ज्याचा साचा त्याचं नाव. इथं दोघांची होती.

गोल मोनोग्रामच्या गाड्या उद्यमनगरात एकच माणूस करायचा, पाठीमागच्या गल्लीतले नझीरचाचा. मी पळत गेले. त्यांच्याकडं एक इंजिन उघडं पडलं होतं, वरचं प्लास्टिकचं झाकण वेगळं, पण झाकणाखाली सगळं तेच. फिल्टरचं घर तिथंच, बोल्ट तेवढेच, फुगीर भाग त्याच बाजूला. परत येऊन मी मामांना सांगितलं की चौकोनीला गोलचा चेन सेट बसतोय. मामा म्हणाले, तुझ्या तोंडाला कोण लागणार. पण दुकानात माणूस पाठवला. गोलवाल्यांचा सेट कोल्हापुरातच होता. चेन चेनवर ठेवून बघितली. एक कडी इकडची तिकडं नव्हती.

आता आम्ही काय चुकलो ते सांगते, कारण ती चूक उद्यमनगरातलं कुठलंही गॅरेज करेल.

चेन काढायच्या आधी आम्ही मार्क मारतो. खाली पिस्टनला जोडलेल्या क्रँकचं चाक, वर वॉल्व उघडणाऱ्या कॅमची चाकं, आणि त्यांना बांधणारी चेन. चेनवर आणि चाकांवर समोरासमोर रंगाचे ठिपके द्यायचे, मग सगळं उतरवायचं, आणि नवीन चेनवर तेवढ्याच कड्या मोजून ठिपक्याला ठिपका लावून बसवायचं. मामांच्या वडिलांनी ट्रॅक्टर असेच बांधले. पुस्तक लागत नाही, काही लागत नाही. त्या दिवशी आमची व्हाइटनरची बाटली वाळली होती, तर मी दाखवायच्या कार्यक्रमाला लावलेलं लाल नेलपॉलिश आणलं. मामा म्हणाले, चला, त्या पोह्यांचा काहीतरी उपयोग झाला.

ठिपक्याला ठिपका लागला. सगळे बोल्ट आवळले. आणि तेव्हाच दारात इंदुताई उभ्या राहिल्या.

एकट्याच होत्या. दाताच्या डॉक्टरकडं आले होते म्हणाल्या, गाडीत छत्री राहिलीय ती घ्यावी म्हटलं. बाहेर ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं. मामांनी घाईनं स्टूल पुसलं. पाहुणी आलेली, आणि तीही मुलाची आई. ते एकदम मोठ्या आवाजात बोलायला लागले, झालंच आहे, आत्ता चालू करून दाखवतो.

सेल मारून चालू करायच्या आधी इंजिन हातानं फिरवून बघायचं असतं. क्रँकच्या बोल्टला पाना लावायचा आणि सावकाश दोन फेरे द्यायचे. ते काम माझं. मी पाना लावला. अर्ध्यापेक्षा जास्त गेला आणि थांबला.

जड झाला नाही. थांबला. दोन्हीत फरक असतो.

"नवीन चेन आहे, घट्ट असणारच," मामा म्हणाले. "जरा जोर लाव."

"नाही."

"नीलम, जोर लाव म्हणतोय."

"नाही लावणार. काहीतरी टेकतंय आत."

मामांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांसमोर भाची नाही म्हणत होती. ते म्हणाले, तुझ्या वयाचा असल्यापासून मी चेनी बसवतोय, मला शिकवतीस? मी पाना बोल्टवरनं काढला आणि त्यांच्या हातात दिला. "मग तुम्ही लावा. मी बाहेर थांबते. आवाज मला ऐकायचा नाही."

मी निघालेच होते. मामा पाना धरून उभे होते. त्यांनी तो बोल्टला लावला, हलकेच ओढला, आणि त्यांचा हातसुद्धा तिथंच थांबला. मी त्यांच्याकडं बघत होते. जोर लावायला त्यांना पाहुणीसमोर किती सोपं होतं. ते वाकलेले तसेच राहिले, मग म्हणाले, "ये. उघड परत."

आम्ही पुन्हा सगळं उघडलं. इंदुताईंना छत्री मिळाली होती, मांडीवर घेऊन त्या बसून होत्या. जायचं नाव नाही.

क्रँकचं चाक हातात घेऊन मी उजेडात धरलं. आतून गुळगुळीत. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक इंजिनात त्या चाकाला आतनं खाच असते आणि खाचेत एक छोटी चावी बसते, म्हणजे चाक जाग्यावरनं सरकत नाही. मग ठिपक्यांवर भरवसा ठेवता येतो. इथं खाचच नव्हती. नुसत्या बोल्टच्या आवळण्यावर चाक उभं. आम्ही बोल्ट सोडला तेव्हाच ते गुपचूप फिरलं होतं, माझ्या नेलपॉलिशसकट.

मामांनी चाक घेतलं, आत बोट फिरवलं, आणि खालीच बसले.

"चावीच नाही," ते म्हणाले. "दोघांनी मिळून केलं ना. हा म्हणाला असेल चावी तू घाल, तो म्हणाला असेल तू घाल."

मला हसू आलं. इंदुताईंनाही. मग त्यांनी मला विचारलं, "जोर लावला असतास तर काय झालं असतं?"

"वॉल्व वाकले असते. पिस्टन वर येताना वॉल्वनं वाटेतनं निघायला लागतं. दोघांची जागा एकच आहे. वेळ चुकली की आपटतात. नवीन इंजिनच आणावं लागलं असतं तुम्हाला."

"आणि दिसत तर काहीच नव्हतं. तुला कळलं कसं?"

"हाताला कळतं."

त्यांनी मान हलवली. मामा नझीरचाचांना फोन करायला बाहेर गेले तेव्हा म्हणाल्या, "मी माहेरी भाता ओढायची. वडील घण घेऊन उभे राहायचे आणि मी लोखंडाचा रंग बघून सांगायची, आता. वडील सांगायचे, हिनं आता म्हटल्याशिवाय मी हात उचलत नाही." छत्रीचं बटण त्या लावत होत्या, काढत होत्या. "जयसिंगपूरला आल्यावर भट्टी बघितली नाही परत."

असल्या वेळी मी काहीतरी वाकडं बोलते.

"तुमच्या घरात मला हे करू देतील काय?"

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "आमची शोरूम केवढी मोठी आहे. मी तिथं दिवाळीच्या पूजेला जाते."

मग त्या उठल्या, एस.टी.ची वेळ झाली म्हणाल्या, आणि गेल्या.

नझीरचाचांनी कळ काढायची संधी सोडली नाही. मामांना म्हणाले, आनंदा, नेलपॉलिश कुठल्या शेडचं लावलंस? त्यांना हे इंजिन आतनं-बाहेरनं पाठ होतं. चावी नसते ती विसरल्यामुळं नाही, म्हणाले, केलंच आहे तसं. आधी सगळं जाग्यावर कुलूप लावल्यासारखं धरायचं आणि मगच बोल्ट आवळायचा. त्यासाठी वेगळ्या पिना येतात, खाली क्रँक अडवायला आणि वर कॅम धरायला. पिना देतो, पण पिनांबरोबर मीपण येणार. तुमच्या दोघांच्या हातात माझ्या पिना सोडून मला झोप लागायची नाही.

ते आले, आणि पिना त्यांनी मला लावायला लावल्या. स्वतः स्टुलावर बसून सुपारी कातरत सांगत राहिले, डावीकडं, अजून, अजून, हां. पिन आत गेली की इंजिन श्वास धरल्यासारखं गच्च होतं. मी बोल्ट आवळला. पिना काढल्या. पाना लावला. एक फेरा, दुसरा फेरा, आणि लोणी.

किल्ली मामांच्या खिशात होती. ती त्यांनी काढली आणि मला दिली. उद्यमनगरात एक रीत आहे, ज्यानं इंजिन बांधलं त्यानंच पहिला सेल मारायचा. चालू झालं तरी त्याचं आणि फुटलं तरी त्याचं. मला त्याआधी कुणी किल्ली दिली नव्हती. मी आत बसले, सेल मारला. पहिल्या झटक्याला उचललं. नझीरचाचा बॉनेटवर कान ठेवून उभे राहिले, मग सरळ झाले आणि मामांना म्हणाले, तुझ्यापेक्षा बरी आहे.

मामांनी चहा मागवला.

गाडी न्यायला वसंतराव आले ते खूश होऊन गेले. आबांना फोन करून म्हणाले, मुलगी चलाख आहे, आम्हाला आवडली, घरात बोलून कळवतो. आबांनी ते फाउंड्रीत चौघांना सांगितलं. आई शेजारणीकडनं हॉलचे फोन नंबर घेऊन आली. मी गॅरेजला गेले, माझे पाने रॉकेलनं धुतले, पुसले, आणि मापाप्रमाणं लावून ठेवले. मामा बघत होते. त्यांनी आबांशी बोलून बघितलं होतं, आबांनी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा मागवला नाही.

संध्याकाळी मामा मला घरी सोडायला आले, आणि आम्ही आत शिरत असतानाच आबांचा फोन वाजला. पलीकडनं इंदुताई होत्या. आबा हो हो करत होते, मग हो म्हणायचे थांबले. फोन ठेवून खुर्चीत बसले.

"पत्रिका जुळत नाही म्हणे."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. मला नकार? मी त्यांची गाडी वाचवली, आणि त्या बाईनं माझ्यासमोर बसून सगळं बघितलं, माहेरचं सांगितलं, आणि आता पत्रिका? मी काय काय बोलले ते सांगत नाही. एक पातेलं लांब गेलं. आई रडायला लागली. आबा म्हणत होते, जाऊ दे, मुलीत काही खोट काढली नाही त्यांनी. चांगली माणसं. ग्रहांचं काय, आपल्या हातात आहे काय ते.

मामांनी विचारलं, "पत्रिका दिली कुणी त्यांना?"

आई नाक पुसत म्हणाली, यांनी दिली असेल. आबा म्हणाले, मी कुठनं देऊ? मला वाटलं तू दिलीस. आई म्हणाली, आहे कुठं द्यायला?

खरंच नव्हती. कधी केलीच नव्हती. मी गावाकडं घरीच झाले, पावसात, घड्याळ कुणी बघितलं नाही, आणि शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनीच एक तारीख ठरवून टाकली. माझ्या पत्रिकेला लागणारी वेळ जगात कुणाकडंच नव्हती.

आई-आबांचं तू दिलीस, तुम्ही दिलीत, मधल्या माणसानं दिली असेल, हे बराच वेळ चाललं. मामा माझ्याकडं बघत होते. मग ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय करत होते, मी विचारलं नाही. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी गेले आणि पातेलं उचलून आणलं.

आबांनी जेवताना भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरला. मग म्हणाले, "घरात बसून तरी काय करणार. उद्या जा गॅरेजला."

त्यानंतर स्थळं आली नाहीत असं नाही. पण तोपर्यंत आबांनी नझीरचाचांकडनं माझ्याबद्दल ऐकलं होतं, आणि मामांकडंही गोल, चौकोनी, दोन्ही मोनोग्रामच्या गाड्या यायला लागल्या होत्या, सांगलीपासनं. आज त्या इंजिनासाठी लोक माझं नाव विचारत येतात. लग्नही केलं मी, माझ्या मर्जीनं, ज्याला माझ्या हाताच्या वासाचं काही वाटत नाही अशा माणसाशी. मामा आता थकलेत. त्यांना आणि नझीरचाचांना मी जे मानते ते त्यांना माहीत आहे, दर दसऱ्याला सोनं द्यायला जाते तेव्हा पाया पडून घेतात आणि टोमणे मारतात. इंदुताईंच्या पाया पडायची संधी मला कधी मिळाली नाही. नवऱ्याला त्यांनी घरात काय सांगितलं असेल, किती ऐकून घेतलं असेल, देव जाणे.

एकदाच बोलणं झालं. त्याच आठवड्यात मामांच्या फोनवरनं मी नंबर लावला. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण त्यांचा आवाज आल्यावर सगळं गेलं. मागं वसंतराव कुणाशी तरी कपाटाच्या भावाचं मोठ्यानं बोलत होते.

"मी नीलम," मी म्हणाले. "उद्यमनगरातनं. इंदुताई, माझी पत्रिका नाही. कधी केलीच नव्हती."

त्यांनी आवाज खाली आणला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, मागं ऐकू जाईल असं, "हो हो, गाडी छान चाललीय. तू तुझं काम कर."